एकाहत्तर टक्के

१

अकरा वाजून पाच मिनिटांनी एक्स-रे विभागातून पहिला फोन आला आणि सव्वाअकरापर्यंत हॉस्पिटलच्या चारही मजल्यांवर एकच बोंब उठली. पडद्यावर पेशंटचं नाव येतंय, वय येतंय, फोटो मात्र नाही. एक्स-रे नाही, सीटी नाही, एमआरआय नाही. बारा वर्षांचे फोटो गेले कुठे? ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेल्या एका पेशंटला तसंच उठवून परत वॉर्डात नेलं.

हे फोटो राहायचे तळमजल्यावर. तिथे मशिनरूममध्ये चोवीस मशिनं होती, त्यांच्या पोटात शेकड्यांनी डिस्क, आणि सगळी मिळून एक क्लस्टर. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती तीन वेगळ्या मशिनांवर असायच्या, त्यामुळे एखादी डिस्क मेली किंवा अख्खं मशिन झोपलं तरी कुणाचं काही अडायचं नाही. हा सगळा डोलारा एक माणूस काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करून चालवायचा. क्लस्टरमधल्या जागेचे वेगवेगळे भाग करतात, त्यांना इंग्रजीत पूल म्हणतात. पण पूल म्हटलं की लोकांना नदी आठवते, म्हणून तो माणूस त्यांना कोठ्या म्हणायचा. चाचणीची कोठी, पत्रव्यवहाराची कोठी, आणि सगळ्यांत अवाढव्य अशी 'चित्रं' नावाची फोटोंची कोठी. त्यावरून त्याचंच नाव कोठीवाले पडलं.

कोठीवाल्यांच्या हाताखाली एकच माणूस होता, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच डायरेक्टर साहेबांना गळ घालून त्याला चिकटवला होता. तेव्हापासून झाडूवाल्यापासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्याला 'मेहुणे' म्हणायचे. "मेहुणे, जरा प्रिंटर बघा हो!" असं कुणीही ओरडावं आणि त्यानं हसत उठावं.

तर अकरा वाजून वीस मिनिटांनी कोठीवाले मशिनरूममधून एक मेलेली डिस्क बदलून बाहेर आले. हातातली डिस्क टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच डायरेक्टर साहेब दाणदाण पाय आपटत आले. त्यांच्यामागे नव्या स्टोरेजच्या कंपनीचा माणूस होता.

"कीबोर्डला हात लावायचा नाही!" साहेब कडाडले. "पुरावा आहे तो!"

२

कंपनीवाल्यानं कोठीवाल्यांच्या उघड्या टर्मिनलवर, म्हणजे त्या काळ्या पडद्यापुढे बसून हिस्ट्री काढली. टाइप केलेली प्रत्येक ओळ वेळेसकट तिथे लिहिली जाते. सकाळपासूनच्या ओळींचा त्यानं कागद छापला आणि साहेबांपुढे धरला. दहा बावन्नच्या ओळीवर त्याचं बोट होतं.

'कोठी काढून टाका, चित्रं, चित्रं, होय-मी-खरंच-खरंच-म्हणतोय.'

हसू नका, तो हुकूम असाच असतो. ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं त्यांना उतावळ्या माणसांची धास्ती असणार. म्हणून कोठी काढायची तर तिचं नाव दोनदा लिहायचं आणि वर ही शपथ घ्यायची.

"दोनदा नाव, वर शपथ!" साहेब म्हणाले. "आज ह्या सगळ्या फोटोंचा कंपनीला हँडओव्हर होता. तुमचा त्याला पहिल्यापासून विरोध. आपल्याला मिळत नाही तर कुणालाच नको, असं ना?"

"साहेब, मी आत डिस्क बदलत होतो."

"आतही एक कीबोर्ड आहे," कंपनीवाला हळूच म्हणाला. "दाराच्या नोंदीत दहा एक्केचाळीस ते अकरा वीस एकच कार्ड आहे, ह्यांचं. क्लस्टरची स्वतःची नोंदवही असती तर आणखी कळलं असतं."

ती नोंदवही महिनाभर बंद होती. जागा वाचवा म्हणून साहेबांनीच बंद करायला लावली होती. बॅकअपचा प्रस्ताव तर त्यांच्या टेबलावर दोन वर्षं मुक्कामाला होता. पण ह्या घडीला ते तोंडावर बोलायची कुणाची छाती?

सगळ्यांचे मोबाइल एका खोक्यात जमा झाले. कोठीवाले, मेहुणा, कंपनीवाला आणि तक्रार घेऊन खाली आलेल्या एक्स-रे विभागाच्या डॉक्टरीणबाई, अशा चौघांना साहेबांनी शेजारच्या काचेच्या मीटिंगरूममध्ये बसवलं आणि दार कार्डानं बंद केलं. एसी बंद होता. खिडकी नावाची गोष्टच त्या खोलीला नव्हती.

"चार वाजता पोलीस येतील," साहेब काचेपलीकडून म्हणाले. "तोवर आपल्या दक्षता अधिकारी बोलतील तुमच्याशी."

कोठीवाल्यांना दरदरून घाम फुटला. नोकरी जाईल हे एक, पण आजारी माणसांचे फोटो मुद्दाम पुसणारा म्हणून नाव होईल. ह्या नावानं उद्या गल्लीतून चालायचं कसं? त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. जुन्या चाचणीच्या कोठ्या आज काढून टाकायच्या, असं सकाळी तेच म्हणाले होते. सुरुवात केली नव्हती. नव्हती ना? माणूस थकला की हात काय करतात हे डोक्याला कळत नाही, असं त्यांनीच कितीदा मेहुण्याला सांगितलं होतं.

"भाऊजी, पाणी घ्या," मेहुणा म्हणाला.

३

दक्षता अधिकारी म्हणजे साठीला टेकलेल्या एक बाई. खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. ह्या नोकरीत येण्याआधी त्यांनी वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता, म्हणून सगळे त्यांना टायपिंगच्या बाई म्हणायचे.

"मला क्लस्टर-बिस्टर कळत नाही," बसता बसता त्या म्हणाल्या. "मला बोटं कळतात. एकेकाला वेगळं घेणार नाही. एक जण बोलत असताना बाकीच्यांचे हात काय करतात ते मला बघायचंय."

झालं! चारी जणांनी हात टेबलाखाली घेतले.

"असू दे," बाई हसून म्हणाल्या. "कंपनीवाले, तुम्ही सुरू करा."

कंपनीवाल्याची जीभ तेल घातल्यासारखी चालायची. "मॅडम, मी पावणेअकराला आलो. साहेब रिकामे नव्हते, म्हणून कॉरिडॉरमध्ये फोनवर होतो. टर्मिनलला हात लावला तो साहेबांसमोर."

"कोठी रिकामी झाली तर तुमचं फावतंच की."

"उलट आहे मॅडम. आम्हाला तेच फोटो आमच्या सिस्टमवर न्यायचे होते. आता नेऊ काय, हवा?"

"बरं. ही कोठी तुम्हाला काढायची असती तर काय केलं असतं?"

"ही ओळ टाइप करायची, एंटर मारायचा. झालं."

झालं म्हणे! कपाळ तुझं, कोठीवाले मनात म्हणाले. कुठलीही कोठी काढण्याआधी एक कुलूप उघडावं लागतं, त्याची वेगळी ओळ असते. कुलूप लागलेलं असलं की दहादा शपथ घेतली तरी क्लस्टर ढिम्म हलत नाही. एवढंही ठाऊक नाही आणि हे आम्हाला सिस्टम विकायला आले!

बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे मान वळवली. त्यांनी सरळ बॉम्बच टाकला. "खरं सांगू? फोटो गेले तर माझं भलंच आहे. एका पेशंटची माझ्यावर तक्रार आहे. गाठ दिसत होती आणि मी 'गाठ नाही' म्हटलं, असं त्यांचं म्हणणं. पुरावा त्या फोटोतच आहे. घ्या, लिहून घ्या."

"तुम्ही खाली कधी आलात?"

"दोनदा आले. पहिल्यांदा दहा पन्नासला, फोटो हळू उघडतात म्हणून भांडायला. ह्यांची खुर्ची रिकामी होती, वर नुसता स्वेटर. मेहुणे चहाचे दोन कप घेऊन येत होते. मी वैतागून परत गेले."

"टर्मिनल उघडं होतं?"

"मला काय कळतंय त्यातलं? काळा पडदा आणि एक रेघ लुकलुकत होती."

बाई मेहुण्याकडे वळल्या. "तुम्ही त्यांच्या टेबलावर चहा ठेवलात?"

"हो. भाऊजी आत होते. कप ठेवला आणि माझ्या जागेवर गेलो."

"हात वर ठेवा ना, मेहुणे."

त्यानं हात टेबलावर ठेवले. उजवा अंगठा लाकडावर टकटक करत होता. बाईंनी बघितलं न बघितलंसं केलं आणि छापलेला कागद कोठीवाल्यांपुढे सरकवला. "वाचा शांतपणे. काय खटकतंय ते सांगा."

४

कोठीवाल्यांनी कागद वाचला. दहा बावन्नची ओळ होती. तिच्या आधी कुलूप उघडल्याची ओळ नव्हती.

त्यांनी झटकन मान वर केली. काचेपलीकडे भिंतीवर मोठा बोर्ड होता, क्लस्टर किती भरलंय ते दाखवणारा. सकाळी आल्या आल्या त्यांनी सवयीनं बघितला होता, एकाहत्तर टक्के. आता दुपारचे दीड वाजले होते आणि बोर्डावर आकडा होता एकाहत्तर.

फोटोंची कोठी म्हणजे क्लस्टरचा बहुतेक सगळा भार. ती काढली की जागा एका झटक्यात मोकळी होत नाही, पण मशिनं सावकाश पुसायला लागतात आणि अडीच तासांत दहा-बारा टक्के तरी उतरायलाच हवेत. आकडा तसूभरही हललेला नव्हता. फोटो होते! एकूण एक फोटो जागच्या जागी होते!

आनंदानं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि डोळे पुन्हा कागदावर गेले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी तीनदा वाचलं. जी एक ओळ तिथे असायला हवी होती ती नव्हती. ती का नव्हती हे कळलं तेव्हा त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

समोर मेहुणा बसला होता. तोही बोर्डाकडेच बघत होता.

कोठीवाल्यांना लग्नाचा दिवस आठवला. सासू नव्हती, सासरे अंथरुणाला खिळलेले. नवरी निघताना रडली ती नऊ वर्षांच्या भावाच्या गळ्यात पडून. "ह्याला सांभाळाल ना?" एवढंच तिनं नवऱ्याकडे मागितलं होतं. त्यानंतर पंचवीस वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं.

खोलीत हवा नव्हती. स्वतःला सोडवायचा रस्ता कोठीवाल्यांना लख्ख दिसत होता आणि तो नेमका त्या पोराच्या छातीवरून जात होता. इकडे आड, तिकडे विहीर.

"काय खटकलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," कोठीवाले म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "मीच केलं. ती ओळ मी टाइप केली."

मेहुणा खुर्चीतून अर्धवट उठला.

५

साहेबांना गड जिंकल्यासारखं झालं. ते दार उघडून आत आले. "बघा! मी म्हटलंच होतं!"

"म्हटलं होतंत खरं," बाई म्हणाल्या. "मला मात्र एकदा डोळ्यांनी बघू दे. कोठीवाले, चला टर्मिनलवर. तोच हुकूम टाइप करा. फक्त नाव अशा कोठीचं लिहा जी नाहीच. 'अमकंतमकं' लिहा."

सगळे मागोमाग बाहेर आले आणि साहेब हां हां म्हणेपर्यंत बाईंनी कोठीवाल्यांना खुर्चीत बसवलं आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. पडद्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही, नजर बोटांवर.

कोठीवाल्यांनी टाइप केलं. दोनदा नाव, शपथ, एंटर. अशी कोठी नाही, असं उत्तर आलं.

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा केलं.

"तुमचा अंगठा आधी स्पेसबार मारतो," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा मारला. मग अक्षरं सुरू. माझ्या क्लासमध्ये असतात तर पट्टी खाल्ली असतीत. का मारता?"

कोठीवाल्यांनी हात कीबोर्डावरून उचलले. हातांचं आपल्याला भानच राहिलं नाही हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"बरं, वरचा बाण दाबा. मागची ओळ येते ना त्यानं?"

त्यांनी बाण दाबला. दोनदा टाइप केलेल्या हुकुमाचा मागमूस नव्हता. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, तेव्हा त्यांना बोलावंच लागलं.

"आधी मोकळी जागा सोडली तर ओळ हिस्ट्रीत जात नाही," ते म्हणाले. "धोक्याचा हुकूम मागे ठेवायचा नसतो. पुढे कधी घाईत वरचा बाण दाबला, तोच वर आला आणि एंटर बसला, की संपलं. बारा वर्षांपूर्वी माझ्या हातून झालंय तसं. तेव्हापासून सवय लावून घेतली."

"म्हणजे सकाळी तुम्ही टाइप केलं असतंत तर ती ओळ कागदावर आलीच नसती. ती आली, म्हणजे तुम्ही केलेलं नाही." बाई साहेबांकडे वळल्या. "माणूस खोटं बोलला साहेब, पण त्याच्या अंगठ्याला ते जमलं नाही."

"मग केलं कुणी?" साहेब ओरडले.

६

"आधी काय केलं ते बघू," बाई म्हणाल्या. "मघाशी कागद वाचताना ह्यांनी त्या बोर्डाकडे बघितलं आणि चेहरा असा फुलला, जसा रिझल्ट लागलाय. मग लगेच पडला. बोर्ड काय सांगतो, कोठीवाले? आता लपवून उपयोग नाही."

कोठीवाल्यांनी खाल मानेनं सांगितलं. जागा मोकळी झालेली नाही. फोटो आहेत.

"पण ही ओळ?" कंपनीवाला चक्रावला.

"ओळ टाइप झाली, काम झालं नाही," कोठीवाले म्हणाले. "कुलूप होतं. हिस्ट्री काय टाइप केलं ते लिहिते. काय घडलं ते नाही लिहीत."

"आणि कोठ्या किती आहेत?" बाईंनी विचारलं.

त्यांनी यादी काढली. एक्केचाळीस. कालही एक्केचाळीसच होत्या. पण 'चाचणी-जुनी' नावाच्या कोठ्या आठ असायला हव्या होत्या, तिथे नववी होती आणि क्लस्टरचा सगळा भार तिच्या पोटात होता. फोटोंच्या कोठीचं कुणीतरी नुसतं नाव बदललं होतं.

"नाव बदलायलाही हुकूम लागत असेल," बाई म्हणाल्या. "तो कागदावर नाही. मघाशी तेच शोधत होतात ना तीन-तीनदा? म्हणजे खोटी ओळ कुणीतरी दिसावी म्हणून टाइप केली आणि खरी ओळ दिसू नये म्हणून आधी स्पेस मारली. कंपनीवाल्यांना कुलूपच ठाऊक नाही, त्यांना ही खोड कुठून असणार? डॉक्टरीणबाईंना पडदा वाचता येत नाही. कोठीवाले स्वतः असते तर गळफासाची ती एकच ओळ मागे कशाला ठेवते? मग उरलं कोण? ही खोड तुम्ही कुणाला शिकवलीत?"

कोठीवाले यादी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

"सांगू नका. माणूस दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतो तो कुणासाठी, एवढं मलाही कळतं."

"मी केलं," मेहुणा म्हणाला. काचेला टेकून तो उभा होता, ओठ पांढरे पडले होते. "तासाभराचं काम होतं. भाऊजी आज चाचणीच्या कोठ्या काढणार होते. मला वाटलं, भाऊजींनी चुकून भलत्याच कोठीचं नाव टाइप केलं म्हणतील, थकलेत म्हणतील. बारा वाजता मी ओरडणार होतो, सापडली, फोटो सापडले! एकदा तरी लोक म्हणाले असते की ह्यानं वाचवलं. पण साहेबांनी कीबोर्ड काढून घेतले, दार लावलं. काय करू? नाव परत बदलायला हातात काही नव्हतं. त्या खोलीत बसून मी तुम्हाला बुडताना बघत होतो, भाऊजी."

"बोलायचं होतंस!"

"धीर नाही झाला."

कोठीवाल्यांनी डोळे पुसले आणि आधी काम केलं. अंगठा स्पेसबारवर पडला, मग अक्षरं, मग एंटर. दोन मिनिटांत वरून फोन आला, फोटो दिसतायत. डॉक्टरीणबाई जिना चढून गेल्या. त्यांच्या तक्रारीचा फोटोही परत आला होता.

"पोलीस येणारच," साहेब म्हणाले. "एका पेशंटला टेबलावरून उठवलंय. बाई, जबाब लिहून घ्या."

"बाई," कोठीवाल्यांनी हात जोडले, "माझी चूक म्हणून लिहा. टर्मिनल उघडं टाकून मी गेलो. फोटो मिळाले ना सगळे? त्याचं नाव कशाला? मी घरी तोंड कसं दाखवू?"

"बस करा, भाऊजी!"

मेहुणा इतक्या मोठ्यानं आजवर कधी बोलला नव्हता.

"नोकरी तुम्ही दिलीत, घर तुमच्या ओळखीनं मिळालं, काम तुम्ही शिकवलंत. हा एक गुन्हा तेवढा मी माझा केला. तोही तुम्ही माझ्या नावावर राहू देणार नाही का?"

कोठीवाल्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. सांभाळणं म्हणून आपण ह्या पोराचं काय काय काढून घेतलं, हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. त्यांना भयंकर लाज वाटली. मेहुण्यानं बाईंच्या हातातला कागद घेतला, टेबलाशी उभ्याउभ्याच सगळं लिहून काढलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली.

साहेबांनी कागद उचलला. वाचत वाचत शेवटच्या ओळीशी आले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे कोण?"

बाहेर पोलिसांची गाडी लागल्याचा आवाज आला. मेहुण्यानं साहेबांकडे बघितलं, मग कोठीवाल्यांकडे, आणि मान खाली घातली.

"हे त्याचं नाव आहे, साहेब," कोठीवाले म्हणाले. "आठ वर्षं तो इथेच कामाला आहे."